नानांची टॅली

नानांना एखादी गोष्ट आवडली की ते ती मोजतात. नावडली तरी मोजतात, फक्त आकडा मनात ठेवतात. एका मित्राच्या मुलीच्या लग्नाहून परतल्यावर नानींनी विचारलं, "कसं झालं हो लग्न?" नाना चपला काढता काढता म्हणाले, "वधूपक्ष 212, वरपक्ष 187 आणि 31 जण कुणाचेच नाहीत." नवरीने शालू कुठला नेसला होता, जेवणात गोड काय होतं, हे त्या माउलीला दुसऱ्या दिवशी फोन करून माझ्या बायकोकडून काढून घ्यावं लागलं.

हा स्वभाव म्हणावा की नोकरी, हे सांगणं कठीण आहे. नाना प्रेसमधून रिटायर झाले. नाशिकरोडला 'प्रेस' म्हटलं की वर्तमानपत्राचा छापखाना कुणाच्या डोक्यात येत नाही. प्रेस म्हणजे 1925 साली सुरू झालेली, पोस्टाची तिकिटं छापणारी सिक्युरिटी प्रेस, नाहीतर 1928 पासून नोटा छापणारी करन्सी नोट प्रेस. नाना दुसरीतले. पण "मी नोटा छापत होतो" असं ते कधीच म्हणत नाहीत. "मी कागद मोजत होतो," म्हणतात. कागद आत आला की मोजायचा, मशीनवर चढण्याआधी मोजायचा, एक बाजू छापून झाली की मोजायचा, दुसरी झाली की मोजायचा, नंबर पडले की पुन्हा मोजायचा. डाग पडून वाया गेलेला तर आधी मोजायचा, कारण चांगल्या कागदावर सगळ्यांचंच लक्ष असतं. शेवटी आकड्याला आकडा जुळला की टॅली झाली, मग घरी जायचं. नाही जुळला तर बसायचं. उभा जन्म असा गेल्यावर माणूस निवृत्त होतो, बोटं होत नाहीत.

त्यामुळे नाशिकच्या पुराशी नानांचं कधी जमलं नाही. गोदावरीला पाणी आलं की सगळं गाव ते दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतं. गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, गळ्याशी आलं की सराफ बाजारातले दुकानदार माल वर चढवायला घेतात. ही मोजपट्टी पिढ्यान् पिढ्या बिनतक्रार चालली आहे. नाना मात्र दर पावसाळ्यात चिडतात. "कमर म्हणजे किती फूट? आणि कुणाची कमर? गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलंय ते सांगा!" एकदा मी त्यांना म्हटलं, नाना, मारुती हे शेंदूर लावलेलं एकक आहे असं समजा. तेव्हापासून माझ्याकडे ते जरा संशयाने पाहतात.

असा माणूस ज्येष्ठ नागरिक संघात आला की त्याला सहलप्रमुख करतातच. आमच्या जेलरोडच्या संघाने केलं. आधीच्या प्रमुखांच्या काळात वणीच्या गडावरून परतताना एक सभासद खालीच राहिले होते आणि ते राहिलेत हे संघाला त्यांच्या सुनेच्या फोनवरून कळलं होतं. नाना आल्यापासून हरवणं बंद झालं. थोडं जगणंही बंद झालं, पण त्याबद्दल लेखी तक्रार कुणी दिली नाही.

वाचनालयाची सहल निघाली ती लंडनवाल्या काकूंमुळे. काकूंचा मुलगा लंडनमध्ये राहतो असं सगळे म्हणतात. प्रत्यक्षात तो तिथून बराच लांब राहतो, पण जेलरोडवरून पाहिलं तर सगळं इंग्लंड लंडनच. त्याने आईला हिअरफर्ड नावाच्या गावी तिथलं मोठं चर्च, म्हणजे कॅथीड्रल, दाखवायला नेलं होतं. त्या चर्चमध्ये जुनं ग्रंथालय आहे आणि तिथली पुस्तकं साखळीने बांधलेली आहेत. काकूंनी मोबाइल फिरवला. खरंच, सतराव्या शतकातली उंच लाकडी कपाटं, प्रत्येक पुस्तकाला एक लोखंडी साखळी, साखळीचं दुसरं टोक कपाटाच्या दांड्यात ओवलेलं. आणि पुस्तकं सगळी उलटी लावलेली, कणा आत आणि पानांची कड बाहेर. साखळी पुठ्ठ्याच्या पुढच्या कडेला बांधलेली असते, त्यामुळे पुस्तक उलटं ठेवलं म्हणजे काढताना गुंता होत नाही. त्याच ठिकाणी वासराच्या एका अख्ख्या कातड्यावर काढलेला, सन 1300 च्या सुमाराचा जगाचा नकाशाही आहे.

"त्यात नाशिक आहे का?" गुरुजींनी विचारलं. गुरुजी पेठे विद्यालयाच्या पिढीतले. त्यांना कुठल्याही नकाशात आधी नाशिक लागतं.

नानांनी मात्र फोटो बोटांनी मोठा केला, साखळीच्या कड्या मोजायचा प्रयत्न केला आणि मोबाइल परत देत म्हणाले, "याला म्हणतात व्यवस्था."

मग बोलणं आपल्या वाचनालयावर आलं. नाशकातलं सार्वजनिक वाचनालय, म्हणजे आपलं सावाना, 1840 सालचं. आमच्यापैकी निम्म्यांनी ते लहानपणी पाहिलं होतं आणि निम्म्यांनी 'कधीतरी जाऊ' म्हणत सत्तरी गाठली होती. नाशिकरोडच्या माणसाचं असंच असतं. आम्ही राहतो नाशिकमध्ये, पत्ता लिहितो नाशिक, महापालिकाही नाशिकचीच, पण द्वारकेच्या चौकापलीकडे जायचं झालं की घरात सांगून निघतो, "जरा नाशकात जाऊन येतो."

सहलीच्या आदल्या रात्री नानांची सूचना ग्रुपवर पडली. एकूण सभासद 24. प्रत्येकाला क्रमांक. पाण्याची बाटली 1, राजगिऱ्याचे लाडू 2, गोळ्या ज्याच्या त्याच्या. क्रमांक पुकारला की "हजर" म्हणायचं, "हो" म्हणायचं नाही, कारण "हो" कुणीही म्हणतं. मी 17 होतो. बँकेतून निवृत्त झालेल्या वहिनींना 9 आला म्हणून त्या खूश होत्या. पोस्टातले आप्पा 24. शेपटाला राहिल्याबद्दल आप्पा काही बोलले नाहीत. आप्पा तसे कशाबद्दलच काही बोलत नाहीत. तीस वर्षं पत्रं वाटून त्यांचा मजकुरावरचा विश्वास उडाला आहे.

सिटीलिंकच्या बसमध्ये नानांनी आम्हाला चढताना मोजलं, बसल्यावर मोजलं. द्वारकेच्या चौकात बस नेहमीप्रमाणे गतप्राण झाली तेव्हा वेळ सत्कारणी लावावा म्हणून आणखी एकदा मोजलं. तिन्ही वेळा 24. शालीमारला उतरलो, फुटपाथवर दोन रांगा केल्या आणि नानांचा चेहरा बदलला.

"पंचवीस."

आमच्या जिवात जीव आला. कुणी हरवलं नव्हतं. एक जास्त म्हणजे नफाच. नाना मात्र घामाघूम. आम्हाला ते तेव्हा उमगलं नाही, नंतर त्यांनीच समजावलं. कागद कमी भरला तर तो पडला असेल, चिकटला असेल, मोजणारा चुकला असेल. पण जास्त भरला तर? तो आला कुठून? प्रेसमध्ये तुटीपेक्षा वाढीला लोक अधिक घाबरत.

क्रमांक पुकारणं सुरू झालं. 24 हजर निघाले. रांगेच्या टोकाला, पिशवी छातीशी धरून, एक मावशी शिल्लक राहिल्या. सिन्नरहून आल्या होत्या. शालीमारला उतरून मेन रोडला जायचं, बांगड्या घ्यायच्या आणि परत फिरायचं, एवढंच त्यांचं काम.

"मावशी, तुम्ही या रांगेत कशा?"

"रांग दिसली म्हून उभी ऱ्हायले. म्हन्लं, काही तरी वाटत आसतील."

"इथे काही वाटत नाहीत. आम्ही पुस्तकं बघायला चाललोय."

"फुकट हाय का?"

"बघायला फुकट."

"मग येते की," मावशी म्हणाल्या. रांग मोडली नाही.

नानांनी वहीत लिहिलं : 24 + 1 वाढीव.

सावानाच्या ग्रंथपाल बाई आमची वाट पाहत होत्या. त्यांनी वास्तू दाखवली, त्याच आवारातल्या परशुराम साईखेडकर नाट्यगृहाकडे बोट केलं, मग सुरुवात 1840 पासून केली. पेशवाई बुडून फक्त 22 वर्षं झालेली, मुंबईत अजून रेल्वे नाही, विद्यापीठ नाही, आणि नाशकात वाचनालय. गुरुजींना राहवलं नाही. "पण पहिलं नव्हे. रत्नागिरी 1828, नगर 1838. मग आपण. पुणं आपल्यानंतर, 1848." शेवटचं वाक्य त्यांनी जरा मोठ्याने म्हटलं. पुण्याच्या आधी असण्याचा योग रोज येत नाही.

नाना बोटांवर काहीतरी करत होते. "प्रेस 1928. म्हणजे हे आमच्यापेक्षा 88 वर्षांनी सीनियर." त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. देवळात ते चपला काढतात, पण टोपी काढलेली मी पहिल्यांदा पाहिली. सीनियॉरिटीपुढे प्रेसचा माणूस नमतो.

यापुढचा अर्धा तास सहलीचा असा नव्हताच. तो नाना आणि ग्रंथपाल बाई यांच्यातला होता. आम्ही आपले वऱ्हाडी. बाईंनी सहज बोलता बोलता दाखल नोंदवहीचा विषय काढला. ग्रंथालयात आलेलं प्रत्येक पुस्तक आधी तिच्यात चढतं. दाखल क्रमांक, तारीख, लेखक, नाव, प्रकाशक, पानं, किंमत, विकत की भेट. एक क्रमांक एका पुस्तकाला, पुन्हा दुसऱ्याला नाही. पुस्तक फाटून बाद झालं तरी त्याचा क्रमांक रिकामा होत नाही, समोर 'बाद' असा शेरा पडतो.

"म्हणजे खराब शीटचाही हिशेब," नाना पुटपुटले.

"आणि वर्षाकाठी पडताळणी. वही एका हातात, कपाट समोर."

नानांचा श्वास जरा वर गेला.

बाईंनाही गिऱ्हाईक कळलं होतं. त्या म्हणाल्या, "आणखी एक जुनी रीत असते. शिक्का पहिल्या पानावर मारतोच. पण शिवाय ग्रंथालय आतलं एक पान ठरवून घेतं. प्रत्येक पुस्तकाच्या त्याच नंबरच्या पानावर शिक्का. कुणी पहिलं पान फाडून पुस्तक पळवलं तरी ते गुप्त पान उघडलं की पुस्तक कुणाचं ते कळतं."

"कितवं हो पान?" लंडनवाल्या काकूंनी उत्साहाने विचारलं.

"सांगू नका!" नाना जवळजवळ ओरडले. वाचकांच्या खोलीतून दोन-तीन वर्तमानपत्रं खाली झाली. नाना आवाज उतरवून म्हणाले, "बाई, आम्हाला सांगू नका. आम्ही बाहेरची माणसं." मग काकूंकडे वळून, "त्या तुमच्या हिअरफर्डला साखळ्या लागल्या. आपल्याकडे एका शिक्क्यात काम."

मग पोथ्या. मला सगळ्यात लक्षात राहिलेली गोष्ट ही. बाईंनी टेबलावर पांढरं फडकं अंथरलं, त्यावर तांबड्या कापडात बांधलेला एक बस्ता ठेवला आणि गाठ सोडली. वेखंडाचा वास आला. आत दोन लाकडी फळ्या, त्यांच्यामध्ये सुटी आडवी पानं. पोथीला शिलाई नाही, पुठ्ठा नाही. पानं एकावर एक रचलेली, बस्स. हाताने केलेला जाड कागद कडांना पिंगट झालेला, काळी शाई अजून काळीच. समासाला तांबड्या दुहेरी रेघा. एका ठिकाणी लिहिणाऱ्याचा हात चुकला होता, तिथे त्याने हरताळाचा पिवळा लेप देऊन वर दुरुस्त अक्षर काढलं होतं. काल केल्यासारखा तो पिवळा डाग दिसत होता.

"पानांना हात लावू नका, आणि बोटाला थुंकी तर अजिबात नको," बाईंनी शाळेच्या सहलीला सांगतात तसं सांगितलं. नाना दुखावले. "बाई, थुंकी लावणारा माणूस प्रेसमध्ये टिकत नाही." त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले. मी त्यांच्या मागेच उभा होतो, त्यामुळे पुढच्यांना जे दिसलं नाही ते मला दिसलं. बाई एकेक पान उलटत होत्या आणि पाठीमागे नानांचा उजवा अंगठा तर्जनीवर सरकत होता. पान उलटलं, अंगठा सरकला. पान उलटलं, अंगठा सरकला. चाळिसाव्या पानाला बाई बोलायला थांबल्या तसा अंगठाही हवेत थांबला.

"नंबर कुठे आहेत?" नानांनी विचारलं.

बाईंनी दाखवले. पोथीचं पान दोन्ही बाजूंनी लिहिलेलं असतं, पण क्रमांक एकाच बाजूला, पाठीवर. आणि तो दोनदा. एकदा डाव्या समासात वर, एकदा उजव्या समासात खाली. जोडीला ग्रंथाचं नाव, तेही दीडदोन अक्षरांत. पानं विखुरली, दोन पोथ्या एकमेकींत मिसळल्या, तरी लावणाऱ्याला लावता यावीत म्हणून.

नानांनी खिशातून पाकीट काढलं. पाकिटातून शंभराची नोट काढली आणि पोथीजवळ, पण फडक्याच्या बाहेर, धरली. नोटेला बाजू दोन, नंबर एकाच बाजूला. तोही दोनदा, डावीकडे वर आणि उजवीकडे खाली.

कुणी काही बोललं नाही. गुरुजीदेखील. फक्त सिन्नरच्या मावशींनी विचारलं, "ही वही शंभराला हाय व्हय?"

पोथीच्या शेवटच्या पानावर लिहिणाऱ्याने शक लिहिला होता, तिथी, वार, आपलं नाव आणि आपल्या पाठीचं, मानेचं, डोळ्यांचं काय झालं तेही. तेलापासून जपा, पाण्यापासून जपा, बांधणी सैल ठेवू नका आणि मूर्खाच्या हाती देऊ नका, अशी जी विनवणी बहुतेक पोथ्यांच्या शेवटी असते ती होतीच. आणि त्याखाली एक आकडा. बाई म्हणाल्या, ही ग्रंथसंख्या. 32 अक्षरांचा एक श्लोक धरायचा आणि सगळ्या मजकुराचे असे किती श्लोक भरले ते मोजून लिहायचं. गद्य असलं तरी मोजायचं. लेखकूला मजुरी त्या हिशेबाने मिळायची.

"सगळी अक्षरं मोजायचा?"

"मोजायचा."

"रेट काय होता?"

बाई हसल्या. नाना हसले नाहीत. त्यांनी प्रश्न गंभीरपणेच विचारला होता.

पोथीत मधलं एक पान नव्हतं. ज्यांनी ती दिली त्यांच्या घरूनच तशी आलेली, आणि नोंदीत तसं लिहिलेलंही होतं. नानांनी बाईंना बाजूला घेऊन सांगितलं की नोटांतही असं होतं. छपाईत एखादी नोट बिघडली तर पूर्वी त्याच नंबरची दुसरी छापून घालावी लागे, 2006 पासून तिच्या जागी नंबरात तारा असलेली नोट घालतात आणि गड्डी शंभराची शंभर भरते. "तुम्ही एक कोरं पान घाला आणि त्यावर तारा काढा." सूचनेचा विचार करू, असं बाई म्हणाल्या. चांगल्या घरातल्या होत्या.

तिथून सरकारवाड्याकडे पायी निघालो. वाचनालयाचा जुना संसार त्या पेशवेकालीन वाड्यात होता, तोही पाहावा असं गुरुजींचं म्हणणं. निघताना नानांनी रांग करून मोजलं. "चोवीस. टॅली." चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा समाधान होतं.

मेन रोडच्या गर्दीतून, सायकली, हातगाड्या, पितळी भांडी आणि चिवड्याचे ढीग चुकवत सराफ बाजारात पोचलो. वाड्याचे कोरीव लाकडी खांब पाहून मंडळी गप्प झाली. गुरुजी संधी सोडणारे नव्हेत. त्यांनी जुन्या नाशकातला 21 डिसेंबर 1909 चा दिवस उभा केला. विजयानंद नाट्यगृह, 'संगीत शारदा'चा प्रयोग, कलेक्टर जॅक्सनसाहेब पाहायला आलेले, संस्कृत जाणणारा, पण हुकूमत गाजवणारा माणूस, आणि गर्दीतून पुढे झालेला कोवळ्या वयाचा अनंत कान्हेरे. गुरुजींचा आवाज कापत होता. पिस्तूल बाहेर निघालं तेवढ्यात नानांनी हात वर केला.

"नाटकाला प्रेक्षक किती होते?"

गुरुजी त्यानंतर मिसळीपर्यंत बोलले नाहीत.

आणि नेमकं तेव्हा बँकवाल्या वहिनींनी मान वळवून विचारलं, "आप्पा कुठायत?"

आप्पा नव्हते. नानांनी पुन्हा मोजलं. 24. आणखी एकदा मोजलं. 24. आम्ही रांगेत उभे, आप्पा नाहीत हे डोळ्यांना दिसतंय आणि नाना सांगतायत की चोवीस पूर्ण आहेत. भर सराफ बाजारात नाशिकरोडच्या ज्येष्ठांचा वाद रंगला. आप्पा नसताना आप्पा भरतात कसे? शेवटी नानांची नजर रांगेच्या टोकाला गेली. मावशी. पिशवी छातीशी. बांगड्यांचं दुकान मागे पडून किती वेळ झाला होता देव जाणे, पण त्यांनी रांग सोडली नव्हती.

नानांनी वही मिटली आणि वाड्याच्या पायरीवर बसले. मी पाण्याची बाटली दिली, ती घेतली नाही. "एक काढला आणि एक घातला," ते स्वतःशीच बोलत होते. "आकडा बरोबर. माल वेगळा. अहो, चोर हेच करतो! म्हणून तर नंबर छापतात. मी नुसतं मोजत होतो. नंबर पाहिलेच नाहीत." प्रेसमध्ये असतो तर आज मेमो मिळाला असता, असं ते म्हणाले. मावशींना वाटलं म्हाताऱ्याला ऊन लागलं. त्यांनी पिशवीतून कांदा काढून दिला.

आप्पा सावानाच्या वाचकांच्या खोलीत सापडले, पंख्याखाली. वर्तमानपत्रं संपवून दिवाळी अंकाकडे वळले होते. आपण हरवलो होतो ही बातमी त्यांनी शांतपणे ऐकली. "मी कुठे गेलो होतो? तुम्ही गेलात," म्हणाले. पोस्टातल्या माणसाशी पत्त्यावरून वाद घालण्यात अर्थ नसतो. सहल पुढे कुसुमाग्रज प्रतिष्ठानला जायची होती, पण एवढ्यात दोन वाजले, कुणाची शुगर, कुणाचं पित्त, आणि काळ्या मसाल्याच्या रश्शाचा वास. मावशी मिसळीपर्यंत थांबल्या. सकाळपासून त्या ज्याची वाट पाहत होत्या ते वाटप अखेर झालं.

ही सहल नानांच्या अंगात राहिली. आमच्या संघात एक लोखंडी कपाट आहे. सभासदांनी घर बदलताना, फर्निचर करताना, किंवा वडील गेल्यावर आणून दिलेली पुस्तकं त्यात आहेत. ते कधी कुणी उघडत नसे, कारण वर गणपतीचं मखर असतं. नानांनी मखर उतरवलं. मोठी वही आणली, रकाने आखले. दाखल क्रमांक 1 पासून सुरुवात. शिक्का करून घेतला. गुप्त पान ठरवलं आणि कुणालाही सांगितलं नाही. नानी सांगतात की झोपेतसुद्धा सांगितलं नाही, त्यांनी विचारून पाहिलं.

मोजणी पक्की झाली. प्रत्येक पुस्तकाची पानं मोजली, आणि सराफ बाजारातला धडा लक्षात ठेवून पानांवरचे नंबरही ओळीने तपासले. सारं टॅली. पहिलं पुस्तक आप्पांनी नेलं, बाबूराव अर्नाळकरांची रहस्यकथा. अर्नाळकरांनी हजाराहून जास्त कादंबऱ्या लिहिल्या, एवढी एक गोष्ट नानांना त्यांच्याबद्दल माहीत होती आणि तेवढ्यावर त्यांना फार आदर होता.

दोन दिवसांनी आप्पा पुस्तक परत घेऊन आले.

"यात गडबड आहे."

"शक्य नाही. पानं 112. नंबर सलग. मी स्वतः पाहिलेत."

"नंबर सलग आहेत," आप्पा म्हणाले. "पण 32 पानापर्यंत धनंजय आहे. 33 ला काळापहाड येतो. 49 पासून परत धनंजय. आणि मधल्या मधे खून झालेला माणूस 51 पानावर चहा पितोय."

बाइंडरने दुसऱ्याच कादंबरीचा फर्मा शिवला होता. फर्मा सोळा पानांचा. तिसरा काढला, तिसराच घातला. आकडा बरोबर, नंबर बरोबर, कागद तोच, टाइप तोच. नाना बराच वेळ 33 पानाकडे बघत राहिले. मग त्यांनी चष्मा पुसला आणि पहिलं पान उघडलं.

हल्ली दुपारी संघात गेलं की नाना कपाटाजवळच्या खुर्चीत असतात. अर्नाळकर झाले, ना. सी. फडके चालू आहेत. परवा तर डोळ्यांना रुमाल लावलेला दिसला. नानी मला जिन्यात भेटल्या तेव्हा त्यांनी काळजीने विचारलं, "हे हल्ली फार वाचतात का हो?" मी तसं नानांना जाऊन विचारलं. त्यांना ते मुळीच आवडलं नाही.

"वाचतंय कोण? तपासतोय."

आणि बोट ठेवलेली ओळ सुटू नये म्हणून त्यांनी मान वर केली नाही.